कृषिदूत येतात, पशुदूत कधी येणार?

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात दरवर्षी एक दृश्य दिसते. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली गळ्यात ओळखपत्र अडकवून गावात राहायला येतात. ग्रामपंचायतीत त्यांचे नारळ-फूल देऊन स्वागत होते. त्यांना 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' अशी भारदस्त नावे आहेत. ती मातीचा नमुना कसा घ्यायचा ते दाखवतात, बियाण्याला औषध कसे चोळायचे ते दाखवतात, वाळक्या चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया करतात आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर त्यांचा फोटो छापून येतो. गावातले जुने शेतकरी या पोरांची थोडी चेष्टा करतात. 'आम्हाला पेरणी शिकवायला आलेत,' म्हणतात. पण संध्याकाळी त्यांना घरी जेवायलाही बोलावतात.

मी पंचवीसएक वर्षे मिरजगाव आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरतो आहे. कर्जत तालुक्याचा हा भाग पावसाच्या बाबतीत कायम कमनशिबी. शेतीने दगा दिला की घर गाईच्या दुधावर आणि दावणीच्या शेळ्यांवर चालते. पिकापेक्षा जनावरावर जास्त घरे तगलेली आहेत. तरीही इतक्या वर्षांत 'पशुदूत' हा शब्द या गावात मी ऐकलेला नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयाची मुले-मुली गटाने येऊन इथे राहिली, गोठ्यांतून फिरली, असे मी पाहिले नाही. एखाददुसरा आंतरवासितेतला विद्यार्थी येतो, दवाखान्यात ठरलेले दिवस काढतो आणि जातो.

अशीच एक मुलगी काही वर्षांपूर्वी माझ्याबरोबर रात्रीच्या एका केसला आली होती. वस्तीवरची संकरित गाय, चौथे वेत, व्यायल्याला दुसरा दिवस. गाय बसलेली, मान कुशीकडे वळवलेली, कान थंडगार. मी काही बोलायच्या आत मुलीने हलक्या आवाजात निदान सांगितले : दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो. दूध उतरताना रक्तातले कॅल्शियम एकदम घसरते आणि गाय लुळी पडते. निदान बरोबर होते. मग तिने गाईच्या मालकीण आजींकडे वळून विचारले, "आजी, जनावराची हिस्ट्री सांगा."

आजी म्हणाल्या, "हिस्ट्री कसली बाई? गाय घरचीच हाय. हिची आईबी आमच्याच दावणीला होती."

गोठ्यातले सगळे हसले. मुलगी ओशाळली. पण आजींनी नकळत उपयोगाची माहितीच दिली होती. घरची गाय म्हणजे तिची मागची तिन्ही वेते आजींना तोंडपाठ होती. मागच्या वेतालाही ती अशीच बसली होती का, व्यायच्या आधी काय खायला घातले, वार पडली का, हे सगळे दोन मिनिटांत कळले, फक्त प्रश्न त्यांच्या भाषेत विचारावा लागला. मानेच्या शिरेतून सावकाश कॅल्शियम गेले, छातीवर हात ठेवून ठोके मोजत राहिलो, आणि बाटली संपता संपता गाय ढेकर देऊन उभी राहिली. पशुवैद्यकात इतका चटकन यश देणारा आजार दुसरा नाही. नव्या डॉक्टरची पहिली केस हीच असावी असे मला नेहमी वाटते.

परतताना मी तिला विचारले, कॉलेजात अभ्यासाशिवाय काय करायचीस? ती म्हणाली, दोन वर्षे गॅदरिंगच्या समितीत होते. मांडववाला, साउंडवाला, जेवणाचा ठेकेदार, सगळे माझ्याकडे. तेव्हा मला एक गोष्ट उलगडली. त्या रात्री गोठ्यात वीस माणसे जमली होती, प्रत्येकाकडे एकेक सल्ला होता, आणि या मुलीने कुणाला न दुखावता सगळ्यांना बाजूला केले होते. दोघांना टॉर्च धरायला लावले, एकाला गरम पाणी आणायला धाडले. ते तिला पुस्तकाने शिकवलेले नव्हते.

म्हणून गॅदरिंगला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. विद्यार्थ्यांची मंडळे, समित्या, संघटना म्हणजे अभ्यासातून वेळ वाया घालवण्याचे ठिकाण, असे पालकांना आणि काही प्राध्यापकांनाही वाटते. माझा अनुभव उलटा आहे. माझे म्हणणे एवढेच, की आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत ही मंडळे आहेत, पण त्यांची तोंडे गावाकडे वळलेली नाहीत.

महाराष्ट्रात हे शिक्षण जुने आहे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आधाराने. पुढे नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी महाविद्यालये झाली. आज ती नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली, म्हणजे आपल्या 'माफसू'खाली येतात. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातले शेवटचे वर्ष आंतरवासितेचे. प्रवेश 'नीट'च्या गुणांवर. त्यामुळे वर्गात दोन प्रकारची मुले एकत्र बसतात : शेण काढत मोठी झालेली आणि दूध पिशवीतूनच पाहिलेली. यातल्या कित्येकांना आधी माणसांचा डॉक्टर व्हायचे असते. यात वाईट काही नाही, अशांतून उत्तम पशुवैद्य झालेले मी पाहिले आहेत. पण त्यांना गोठ्याची सवय कुठे लागणार? पहिल्या वर्षी शरीररचना, मग शरीरक्रिया, मग औषधे, मग रोग. गावाशी खरी गाठ पडते ती पाचव्या वर्षी, तीही घाईत.

मधल्या काळात जे काही गावाशी नाते जुळते ते राष्ट्रीय सेवा योजनेमुळे. दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर, त्यात एक दिवस पशुआरोग्य तपासणी. गोचिडांचे औषध, जंतनाशक, वांझ गाईंची तपासणी, शेवटी समारोप. शिवाय ६ जुलैला जागतिक प्राणिजन्य आजार दिन असतो. १८८५ साली त्याच तारखेला लुई पाश्चर यांच्या रेबीजवरील लशीची पहिली मात्रा एका लहान मुलाला दिली गेली. त्या दिवशी महाविद्यालयांत पाळीव कुत्र्यांना मोफत लस टोचतात. अनेक ठिकाणी एनसीसीची घोडेस्वारीची तुकडीही असते. हे सगळे चांगलेच आहे. पण शिबिराची गाडी गावाबाहेर पडली की संबंध संपतो. ज्या गाईला वांझपणाचे औषध दिले ती गाभण राहिली का, हे पाहायला कोणी परत येत नाही. विद्यार्थ्याला आपला उपचार चुकला की बरोबर होता हे कधीच कळत नाही. वैद्यकात याच्याइतके घातक काही नाही.

परदेशातल्या पशुवैद्यकीय शाळांत ही मंडळे विषयवार आणि जनावरवार असतात. गाईंचे मंडळ, घोड्यांचे, वन्यप्राण्यांचे, प्रजननाचे, शवविच्छेदनाचे, अगदी दवाखान्याचा हिशेब कसा ठेवायचा याचेही. शनिवार-रविवारी मंडळातली वरच्या वर्गातली मुले खालच्यांना हात धरून एखादे काम शिकवतात. पशुवैद्यक विद्यार्थ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटनाही गेल्या शतकाच्या पन्नाशीपासून चालू आहे, तिच्यामार्फत एका देशातली मुले दुसऱ्या देशात शिकायला जातात. आपण ते सगळे जसेच्या तसे उचलावे असे मी म्हणणार नाही. तिथल्या मुलांपुढे शैक्षणिक कर्जाचे डोंगर आहेत, आपल्यापुढचे प्रश्न वेगळे आहेत. पण वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला हाताने शिकवायचे, ही रीत घेण्यासारखी आहे.

एक उदाहरण देतो. गाय गाभण आहे का हे पाहायला गुदद्वारातून हात घालून गर्भाशय चाचपावे लागते. हे डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनीच शिकावे लागते. वीस नवख्यांनी एकाच गाईवर हात साफ केला तर त्या गाईचे हाल होतात आणि मुलांनाही नीट काही कळत नाही. इंग्लंडमध्ये यासाठी संगणकाला जोडलेली खोटी गाय बनवली गेली. तेवढे महागडे यंत्र इथे नको. सायकलची ट्यूब, फुगे, फोम आणि एक जुनी पेटी एवढ्यात कामचलाऊ गर्भाशय तयार होते. कुठल्याही वसतिगृहातली चार हुशार मुले एका रविवारी ते बनवतील. त्यांना 'बनवा' म्हणणारे मंडळ मात्र हवे.

आता मला हवे असलेले मंडळ सांगतो. त्याला 'गोठा मंडळ' म्हणा. पहिल्या वर्षाला आलेल्या पाच-सहा मुलांच्या गटाला एका गावातले दहा गोठे नेमून द्यायचे, आणि ते दहा गोठे आंतरवासिता संपेपर्यंत त्याच गटाकडे ठेवायचे. वर्षातून चार वेळा जायचे. पहिल्या वर्षी या मुलांना उपचाराचा अधिकार नाही, कायद्याने तो नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे आणि ते योग्यच आहे. मग त्यांनी करायचे काय? बघायचे, विचारायचे, वहीत लिहायचे. कुठली गाय कधी व्यायली, किती दूध देते, काय खाते, काय झाले, कोणी काय टोचले, किती पैसे गेले. पाच वर्षांनी त्या मुलीला 'हिस्ट्री' हा शब्द वापरावाच लागणार नाही. ती आजींना विचारेल, "तांबडीची पाडी व्यायली का?"

या वहीचा उपयोग माणसांच्या आरोग्यालाही आहे, आणि या स्तंभात हा विषय घेण्याचे कारण तेच. आमच्या भागात कासदाह झाला की पहिली सुई बऱ्याचदा हाताशी असलेल्या कुणाकडून तरी टोचली जाते. प्रतिजैविक कोणते, मात्रा किती, किती दिवस द्यायचे, याचा पत्ता नसतो. औषध दिल्यावर ठरावीक दिवस ते दूध डेअरीला घालायचे नसते, हे मालकाला कुणी सांगितलेलेच नसते. सांगितले तरी दोन वेळचे दूध ओतून द्यायला त्याचा जीव होत नाही. ते दूध पुढे आपल्या चहात येते. कोणत्या गावात कोणते प्रतिजैविक किती वापरले जाते याची नोंद गोठ्याच्या पातळीवर कोणाकडे आहे? विद्यार्थ्यांच्या शंभर वह्या एकत्र केल्या तर निदान एका टापूचे चित्र उभे राहील.

दुसरे उदाहरण वार अडकण्याचे. गाईने अवेळी गाभ टाकला, वार अडकली, की घरातला कोणीतरी उघड्या हाताने ती ओढतो. गर्भपातामागे ब्रुसेल्ला हा जिवाणू असला तर तो त्या माणसाच्या अंगात शिरतो. मग महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी. माणसांच्या डॉक्टरांपुढे रुग्ण 'गाईने गाभ टाकला होता' असे आपणहून सांगत नाही, आणि डॉक्टरही नेहमी विचारत नाहीत. चार ते आठ महिन्यांच्या पाड्यांना आणि वगारींना आयुष्यात एकदा लस टोचली की हा रोग आटोक्यात येतो. २०१९ पासून लाळ-खुरकुताबरोबर ब्रुसेल्लाच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही चालू आहे. ही लस जिवंत जिवाणूंची असते, टोचणाऱ्याच्या बोटात सुई घुसली तर तोच आजारी पडू शकतो. म्हणजे हातमोजे घालायची सवय पहिल्या वर्षापासून लागली पाहिजे. आमच्या पिढीला ती लागली नाही. पशुवैद्यकांच्या कुठल्याही मेळाव्यात गुडघे धरून बसणारे किती आहेत ते मोजा.

विद्यार्थी हे काम करू शकतात का, अशी शंका कोणाला असेल तर २०२२ आठवावे. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसली आणि बघता बघता राज्यभर पसरली. जनावरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीवरची लस गाई-बैलांना मोफत टोचायची मोहीम निघाली आणि माणसे कमी पडली, तेव्हा आंतरवासितेतल्या मुला-मुलींना गावोगाव उतरवले गेले. दूध पिऊ नका, माणसाला लम्पी होते, अशी अफवा त्याच काळात पसरली होती. लम्पी माणसाला होत नाही, हे गोठ्यात उभे राहून सांगण्यात या मुलांचा मोठा वाटा होता. साथ ओसरली, मुले परत गेली आणि त्या फिरण्यातून जमलेली ओळख विरून गेली. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात चारा छावण्या होत्या, तेव्हा तर एका माळावर शेकड्यांनी जनावरे बांधलेली होती. एवढा मोठा वर्ग कुठल्या विद्यापीठाला मिळतो? संकटात विद्यार्थी आठवतात. एरवी ते परीक्षेच्या हवाली असतात.

शेजारचा गोवा पाहा. तिथे सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने मिळून जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्रे पकडून लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले, प्रत्येक संशयित कुत्र्याची चौकशी केली. त्या कामात बाहेरगावचे, बाहेरदेशीचे पशुवैद्यक आणि विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून येत राहिले. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर करणारे देशातले पहिले राज्य ठरले. गल्लीतली सत्तर टक्के कुत्री लसवंत झाली तर रेबीजची साखळी तुटते, हे शास्त्र जुनेच आहे. सत्तर टक्क्यांपर्यंत पोचायला जे पाय लागतात ते विद्यार्थ्यांकडे आहेत. अर्थात त्या पायांना आधी स्वतःची रेबीजची लस टोचलेली असली पाहिजे. मंडळाचा पहिला खर्च तोच धरावा.

खर्चाचे विचाराल तर तो फार नाही. एसटीचे भाडे, शाळेच्या वर्गात राहायची सोय, हातमोजे, वह्या. मुलींसाठी नीट राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय मात्र आधी हवी, ती नसेल तर शिबिर घेऊच नये. दूध संघांनी यात हात घालावा, कारण चांगल्या दुधाचा फायदा त्यांनाच आहे. बचत गटांतून तयार झालेल्या पशुसख्या गावात आहेत, त्या या मुलांना घरोघरी घेऊन जातील. खरी अडचण वेळेची आहे. वर्गातली हजेरी, प्रात्यक्षिके, सत्र परीक्षा यांत महिन्याचा एक रविवारही सुटत नाही, असे मुले सांगतात. त्यावर उपाय एकच, की गोठ्यातल्या वहीला गुण द्या. कृषी महाविद्यालयांत गावातला कार्यानुभव अभ्यासक्रमाचाच भाग आहे, म्हणून कृषिदूत येतात. हौसेवर ठेवले असते तर तेही आले नसते.

आणखी एका गोष्टीसाठी मला ही मंडळे हवीत, ती बोलायला जरा अवघड आहे. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. तिथल्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पुरुष पशुवैद्यकांत आत्महत्येचे प्रमाण सुमारे दुप्पट आणि स्त्रियांत साडेतीन पट आढळले. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, तिथला आकडा इथे चिकटवू नये. पण रात्री अकराला वस्तीवर एकट्याने उभे राहून, ज्या घराचे सगळे उत्पन्न त्या एका गाईवर आहे त्या घराला 'गाय वाचत नाही' असे सांगणे काय असते, ते मला ठाऊक आहे. पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. ते कसे सांगायचे, हे मला कुठल्याही तासाला शिकवले नव्हते. नंतर आठवडाभर त्या वस्तीच्या रस्त्याने जायचे टाळले. फोन करावा असा बरोबरीचा कोणी नव्हता, कारण कॉलेजातली आमची सगळी मैत्री कट्ट्यावरची होती, गोठ्यातली नव्हती. पाच वर्षे एकत्र दहा गोठे सांभाळलेली सहा मुले पुढे सहा तालुक्यांत गेली, तरी रात्री एकमेकांना फोन करतील.

आपल्या जिल्ह्यापुरती एक संधी समोर आहे. राहाता तालुक्यात सावळीविहीरला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. सावळीविहीर जिल्ह्याच्या उत्तरेला, कालव्याच्या पाण्याचा भाग. मिरजगाव दक्षिणेला, कोरडवाहू. जुन्या महाविद्यालयात नवी रीत घुसवणे कठीण असते, कारण तिथे प्रत्येक समितीला तिचा इतिहास आणि मानापमान असतो. नव्या ठिकाणी पहिल्या तुकडीने जे केले ती परंपरा होते. त्या पहिल्या तुकडीला दक्षिणेकडचे गोठे नेमून द्यावेत. उत्तरेतल्या बागायती गाई कॉलेजच्या दारात आहेतच, त्या कुठे जात नाहीत. दुष्काळी गाय, धनगरांचे मेंढ्यांचे कळप, उन्हाळ्यातला चारा, हे बघायला इकडे यावे लागेल.

यायचेच तर मे महिन्याच्या शेवटी या. पावसाआधी घटसर्प, फऱ्या आणि शेळ्या-मेंढ्यांच्या आंत्रविषाराच्या लसी टोचायच्या असतात आणि नेमकी तेव्हाच माणसे कमी असतात. ऊन फार असते, त्यामुळे काम पहाटे साडेपाचला सुरू करून दहाला थांबवावे लागते. दुपारी पडवीत बसून वह्या लिहाव्यात. वस्तीवरच्या त्या आजी अजून आहेत. गाय मागेच विकली, पण तिची पाडी आता दुसऱ्या वेताची आहे, आणि आईचा दुग्धज्वर तिला येतो का हे बघायला कोणीतरी हवे आहे.